काळा पोशाख, पांढरं झबलं : डचेस जॉर्जियाना आणि तिच्या लेकीचं चित्र

एक बाई बसली आहे. अंगात काळा पोशाख. मांडीवर तिच्याकडे तोंड करून एक बाळ, पांढऱ्या झबल्यात. बाईने हात उंचावला आहे आणि बाळाने तिचं पाहून दोन्ही हात वर टाकले आहेत. मागे लाल पडदा. बाईचा चेहरा एका बाजूने दिसतो, कारण ती आपल्याकडे बघतच नाही. बाळही बघत नाही. दोघींचा खेळ चालू आहे आणि त्या खेळात तिसऱ्या माणसाला जागा नाही.

ही डेव्हनशरची डचेस, म्हणजे तिथल्या ड्यूक या बड्या सरदाराची बायको, जॉर्जियाना आणि तिची थोरली मुलगी लेडी जॉर्जियाना कॅव्हेंडिश. मुलीचं नाव आईचंच असल्यामुळे घरात तिला 'लिटल जी' म्हणत. चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स. चित्र 1784 ते 1786 या काळातलं. आज ते इंग्लंडात डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या वाड्यात, डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याच्या संग्रहात आहे.

छापील पुस्तकांत याची ओळख बहुतेक एका ओळीत उरकते: मातृप्रेमाचं मनोहर चित्र. ही ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. हे चित्र ज्या घरात, ज्या वर्षी आणि ज्या बदनामीनंतर रंगवलं गेलं ते बाजूला ठेवलं तर त्यातली निम्मी धिटाई दिसत नाही. म्हणून या एकाच चित्राचं प्रकरण सुरुवातीपासून मांडतो.

नऊ वर्षं

जॉर्जियाना स्पेन्सर 7 जून 1757 रोजी ऑल्थॉर्प इथे, स्पेन्सर घराण्याच्या वाड्यात जन्मली. 1774 च्या जूनमध्ये, सतरावं वर्ष भरण्याच्या सुमारास, तिचं लग्न डेव्हनशरचा पाचवा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्याशी झालं. तो तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, अबोल, अफाट श्रीमंत. लंडनमध्ये पिकॅडिलीवरचं डेव्हनशर हाउस आणि डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ ही त्याची मुख्य घरं. माहेर प्रेमळ आणि बोलकं होतं. सासरी मात्र सगळ्यांची एकच अपेक्षा, वारस.

वारस म्हणजे मुलगा. किताब आणि वंशपरंपरेची जमीन मुलाकडे जाणार, मुलीला फार तर हुंडा. आपल्याकडच्या वतनदार घराण्यांत दत्तकाची तरी सोय होती; इंग्लंडच्या कायद्यात दत्तक मुलाला असा किताब मिळत नसे. त्यामुळे डचेसच्या कुशीवर सगळ्या घराण्याचा डोळा.

नऊ वर्षं मूल झालं नाही. मधल्या काळात गर्भ राहिले आणि पडले. शिवाय लग्नाच्याच सुमारास ड्यूकला दुसऱ्या एका स्त्रीपासून शार्लट नावाची मुलगी झालेली होती. तिची आई वारल्यावर जॉर्जियानाने तिला घरात घेतलं आणि वाढवलं. दोष आपल्यातच आहे, असं डचेसला वाटावं अशी ही परिस्थिती होती.

12 जुलै 1783 रोजी अखेर बाळ जन्मलं. मुलगी. बारशात आईचं जॉर्जियाना आणि आत्याचं डोरोथी अशी दोन नावं ठेवली. ही आत्या, म्हणजे जॉर्जियानाची नणंद, पोर्टलंडची डचेस. तिचा नवरा त्या वेळी इंग्लंडचा पंतप्रधान होता. अशा घरातही पहिली मुलगी ही दिलाशाने स्वीकारायची गोष्ट होती. आपल्याकडे 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणतात, तेही बरेचदा दिलासा देण्यासाठीच.

आता या प्रकरणातली पहिली महत्त्वाची घटना. जॉर्जियानाने मुलीला स्वतःच्या अंगावर पाजायचं ठरवलं.

आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या वर्गात दूधआई ठेवण्याची रीत होती आणि कॅव्हेंडिश मंडळींना ती मोडायला नको होती. कारण सरळ होतं. बाई अंगावर पाजत असली की पुढचा गर्भ लांबतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. मुलीला पाजण्यात जाणारा प्रत्येक महिना मुलाच्या वाटेतला महिना होता. सासरच्यांनी बोलून दाखवलं, दबाव आणला, आणि तरी तिने पाजलं.

तिच्या बाजूने काळही होता. फ्रान्समध्ये रूसो या विचारवंताने 1762 साली आईने मुलाला स्वतः पाजावं, त्याला गुंडाळून बांधून ठेवू नये असं जोरात मांडलं होतं, आणि इंग्लंडातल्या शिकलेल्या बायकांत ही हवा पोचली होती. तरी पुस्तकातला विचार पटणं वेगळं आणि नऊ वर्षं वारसाची वाट पाहणाऱ्या घरात मुलीला छातीशी धरून बसणं वेगळं. चित्रातला खेळ बघताना मला हे पाजणं आधी आठवतं. ज्या मांडीवर बाळ बसलं आहे त्या मांडीवरचा तिचा हक्क आईने भांडून मिळवलेला आहे.

निवडणूक

दुसरी घटना राजकारणातली, आणि तिचं मूळ थेट हिंदुस्थानात आहे.

1775 ते 1782 ही सात वर्षं ईस्ट इंडिया कंपनी मराठ्यांशी लढत होती. 1779 च्या जानेवारीत वडगावला कंपनीच्या फौजेला नामुष्की पत्करावी लागली, आणि 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला. त्याच काळात दक्षिणेत हैदरअलीशी वेगळं युद्ध चालू होतं. लढायांनी कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि तिचा कारभार लंडनच्या पार्लमेंटपुढे चव्हाट्यावर आला. 1783 च्या नोव्हेंबरमध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स या मंत्र्याने कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती देणारं विधेयक मांडलं. राजा तिसऱ्या जॉर्जला ते मुळीच नको होतं. याला मत देणारा मी माझा शत्रू समजेन, असं त्याने सरदारांपर्यंत पोचवलं. 17 डिसेंबरला वरच्या सभागृहात विधेयक पडलं, राजाने पोर्टलंड-फॉक्सचं मंत्रिमंडळ काढून टाकलं आणि चोवीस वर्षांच्या धाकट्या विल्यम पिटला पंतप्रधान केलं. 1784 च्या वसंतात निवडणूक लागली.

कॅव्हेंडिश घराणं व्हिग पक्षाचं, म्हणजे राजाच्या सत्तेला पार्लमेंटने आवर घालावा म्हणणाऱ्यांचं, फॉक्स त्यांचा पुढारी आणि जॉर्जियानाचा जवळचा मित्र. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघात दोन जागा आणि तीन उमेदवार: फॉक्स, आणि पिटच्या बाजूचे हुड व रे. मतदान 1 एप्रिलपासून 17 मेपर्यंत चाललं. मतदारांत खाटीक, चांभार, दुकानदार असे साधे लोक पुष्कळ. जॉर्जियाना गल्लीबोळांत फिरली, दुकानांत शिरली, लोकांशी बोलली, मतं मागितली. मोठ्या घरच्या बायकांनी प्रचार करणं नवं नव्हतं. पण नवरा, भाऊ, मुलगा यांपैकी कोणी उमेदवार नसताना इतक्या उघडपणे रस्त्यावर उतरणं लोकांच्या पचनी पडलं नाही.

व्यंगचित्रांचा पूर आला. टॉमस रोलंडसनच्या एका चित्रात ती एका लठ्ठ खाटकाला मिठी मारून मुका देते आहे. मत मिळवण्याची ही सर्वमान्य पद्धत, असं त्याचं शीर्षक. हे चित्र पुस्तकांत नेहमी छापलं जातं. आपल्या प्रकरणासाठी त्याचंच दुसरं चित्र जास्त मोलाचं आहे. त्यात जॉर्जियाना एका कोल्ह्याला अंगावर पाजते आहे, कारण फॉक्स म्हणजे कोल्हा, आणि तिचं स्वतःचं मूल बाजूला रडत आहे. आणखी एका चित्रकाराने ड्यूकला घरात बाळाचे लंगोट बदलताना दाखवलं.

हा घाव नेमका कुठे बसला ते बघा. सासरच्यांशी भांडून तिने जे केलं होतं, त्यावरच तो होता. मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची. मुलीला स्वतः पाजणारी डचेस ही लंडनमध्ये माहीत असलेली गोष्ट होती, म्हणून तर कोल्ह्याचा विनोद लोकांना कळला. आईपणाची सगळ्यांनी वाखाणावी अशी बाजू उचलून तिलाच चिखल फासला गेला.

तिची आई लेडी स्पेन्सर हवालदिल झाली. प्रचार अर्ध्यावर टाकून जॉर्जियाना काही दिवस सेंट ऑल्बन्सला आईकडे निघून गेली. पण नणंदेच्या घरून परत येण्याचा आग्रह सुरू झाला, कारण ती गेल्यावर मतं घटतील ही धास्ती. ती परतली. शेवटचे आकडे असे लागले: हुड 6694, फॉक्स 6234, रे 5998. फॉक्स 236 मतांनी तरला. हा शेवटचा दिवस 17 मे, सालबाईच्या तहाला बरोबर दोन वर्षं. योगायोगच आहे, पण पुण्यातल्या आणि लंडनमधल्या घडामोडी तेव्हा किती जवळ आल्या होत्या हे त्याने लक्षात राहतं.

रेनॉल्ड्सचंही तसंच. त्याच 1784 साली त्याने फॉक्सचं व्यक्तिचित्र रॉयल अकादमी या चित्रकारांच्या मानाच्या संस्थेत मांडलं, आणि त्यात फॉक्सजवळच्या टेबलावरच्या कागदावर त्या हिंदुस्थान विधेयकाचं नाव वाचता येतं. हरलेलं विधेयक चित्रात मिरवणारा पुढारी, आणि त्याच्यासाठी बदनाम झालेली डचेस, दोघेही एकाच चित्रकाराच्या स्टुडिओत.

चित्रकार

रेनॉल्ड्स या घरातला नवखा नव्हता. 1759 ते 1761 च्या दरम्यान त्याने लेडी स्पेन्सरचं चित्र काढलं होतं, तिच्या लहान मुलीसह. ती मुलगी म्हणजे जॉर्जियानाच. वय दोन ते चार वर्षांचं. तिचा भाऊ, म्हणजे स्पेन्सर घराण्याचा वारस, 1758 मध्येच जन्मला होता. तरी आईने सोबत घेतलं लेकीला. ते चित्र ऑल्थॉर्पला आहे. आईचे हात मुलीभोवती आहेत आणि मुलगी चित्राबाहेर, थेट आपल्याकडे बघते.

म्हणजे 1784 मध्ये जॉर्जियाना मुलीला घेऊन रेनॉल्ड्सपुढे बसली तेव्हा त्याच चित्रकारापुढे, आईच्या कुशीत, ती स्वतः एकदा बसलेली होती. पाव शतकाने जागा बदलली, मुलीची जागा सोडून ती आईच्या जागेवर आली. लेडी स्पेन्सर तेव्हा हयात होती. हे चित्र पाहणाऱ्या तिघांना, म्हणजे आजीला, आईला आणि म्हाताऱ्या चित्रकाराला, त्यात पहिलं चित्र दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

मधल्या काळात, 1775-76 मध्ये, त्याने नव्या नवरीचं, डचेसचं एक उभं, पूर्णाकृती चित्र केलं होतं. ते आज कॅलिफोर्नियात सान मारिनोच्या हंटिंग्टन संग्रहात आहे. पांढरा घोळदार पोशाख, उंच केशरचना, तीत खोचलेली पिसं. त्या पिसांची फॅशन जॉर्जियानानेच लंडनभर पसरवली होती. ते चित्र मांडलेल्या वैभवाचं आहे. दहा वर्षांनी तोच चित्रकार तिला बसवतो, वळवतो आणि पिसं काढून टाकतो.

या बदलात रेनॉल्ड्सचा स्वतःचा अभ्यासही दिसतो. आई आणि मूल हा विषय युरोपात मेरी आणि बाळ येशूचा. इटलीत राहून आलेल्या रेनॉल्ड्सला तो पाठ होता आणि इंग्लिश सरदारणींना तो त्या पवित्र घडणीत बसवत असे. 1773 च्या लेडी कॉकबर्नच्या चित्रात आईच्या अंगाखांद्यावर तीन मुलगे आहेत आणि सगळी रचना जुन्या इटालियन 'दया' या रूपकाची आहे. तिथे आई बाई कमी आणि देवी जास्त. चॅट्सवर्थच्या चित्रात देवीपण जवळजवळ नाही. मेरी कधी बाळाला हात नाचवून खेळवत नाही. जॉर्जियाना खेळवते आहे, आपल्या घरी 'अडगुलं मडगुलं' म्हणत बाळापुढे हात नाचवावेत तशी. हे मला रेनॉल्ड्सचं सगळ्यात मोठं श्रेय वाटतं. तो स्वतः अविवाहित होता, ऐकायला कमी यायचं म्हणून कानाला कर्णा लावत असे, व्याख्यानांतून थोर शैलीचा आग्रह धरत असे. पण लहान मूल समोर आलं की त्याचा हात मोकळा व्हायचा.

चित्राचा आकारही बघण्यासारखा आहे. दर्जा दाखवायचा तर उभं, पूर्णाकृती चित्र हा त्या काळचा शिरस्ता. हे चित्र आडवं आहे. आडव्या चौकटीत दोघी समोरासमोर मावतात आणि दोघींमधली मोकळी जागा हा चित्राचा खरा विषय होतो. त्या जागेत फक्त हात आहेत. आईच्या काळ्या पोशाखाचा मोठा डाग खाली शांत बसतो, त्यामुळे नजर वर सरकते, आधी तिच्या उंचावलेल्या हाताकडे, मग बाळाच्या वर गेलेल्या दोन हातांकडे. पांढरं झबलं त्या काळ्यावर उजळतं. बाळ अनुकरण करतं आहे, म्हणजे ते आईला बघून शिकतं आहे. वर्षभराच्या मुलाचं हे वय अचूक पकडलेलं आहे. मूल कडेवर मिरवण्याची वस्तू म्हणून धरलेलं नाही. ते खेळातलं दुसरं माणूस आहे.

आणि चित्रात जे नाही तेही मोजावं. सरदारकीचा मुकुट नाही, घराण्याचं चिन्ह नाही. ड्यूक नाही.

उत्तर कोणाला?

आता प्रश्न असा की हे चित्र व्यंगचित्रांना दिलेलं उत्तर होतं का.

कालक्रम त्या बाजूने आहे. 1784 च्या एप्रिलमध्ये कोल्ह्याला पाजणारी डचेस, त्यानंतर लगेच हे चित्र सुरू, 1786 मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसला रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडणी आणि 1787 मध्ये जॉर्ज कीटिंगने केलेला मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेला छाप. म्हणजे ज्या छपाईने तिची नाचक्की केली त्याच छपाईतून हे चित्रही बाहेर पडलं. शेजारी देशात हाच उपाय उघडपणे योजला गेला: मारी आंत्वानेतवर टीकेची झोड उठलेली असताना एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिच्याकडून राणीचं मुलांसह भव्य चित्र करवून घेतलं आणि 1787 च्या पॅरिस प्रदर्शनात लावलं. त्या चित्रातला रिकामा पाळणा त्याच वर्षी दगावलेल्या धाकट्या राजकन्येचा. मारी आंत्वानेत आणि जॉर्जियाना मैत्रिणी होत्या.

पण ही दोन चित्रं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. फ्रेंच राणी समोर बघते. ती प्रजेपुढे बसली आहे, मुलं तिची साक्षीदार आहेत आणि दोन मुलगे असल्याने राज्याचा वारसही जागेवर आहे. जॉर्जियानाकडे दाखवायला वारस नव्हता, आणि तिने तसा आवही आणला नाही. लोकांचं मन वळवायचं असतं तर चित्रकाराने तिचा सुप्रसिद्ध चेहरा लोकांकडे वळवला असता. तो तर बाजूला वळलेला आहे. होरेस वॉलपोल या लेखक-संग्राहकासारख्या चोखंदळ माणसाने हे चित्र पाहून साम्य फारसं नाही आणि चित्रही चांगलं नाही, असा शेरा मारला. त्याला त्यात ओळखीची डचेस सापडली नसणार, आणि ती सापडू नये अशीच रचना आहे.

म्हणून माझं मत असं की या चित्राचा रोख रस्त्यापेक्षा घराकडे जास्त आहे. कॅव्हेंडिशांच्या भिंतींवर पूर्वज होते आणि त्यांचे वारस होते. त्या भिंतीवर तिने एक मुलगी आणली, आणि ती आणताना कमीपणाची एकही खूण ठेवली नाही. वारस नसलेल्या अपत्यासाठी देशातला सगळ्यात मानाचा चित्रकार, रॉयल अकादमीचा अध्यक्ष, निवडला. 1782 नंतर रेनॉल्ड्सचा दर पूर्णाकृती चित्राला 200 गिनी (एक गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) आणि अर्ध्या आकृतीला 100 गिनी होता. नुसत्या हौसेची ही रक्कम नव्हती.

त्या घरात त्याच वेळी काय चाललं होतं हेही पाहायला हवं. 1782 मध्ये बाथ शहरात भेटलेली लेडी एलिझाबेथ फॉस्टर ही जॉर्जियानाची जिवलग मैत्रीण त्यांच्याकडेच राहायला आली आणि ड्यूकचीही झाली. 1785 च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथला ड्यूकपासून मुलगी झाली, 16 तारखेला, परदेशात, गुपचूप. जॉर्जियानाला दुसरी मुलगी हॅरिएट झाली 29 तारखेला. तेरा दिवसांच्या अंतराने एकाच बापाच्या दोन मुली. पुढच्या वर्षी चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा डचेसला अजूनही मुलगा नव्हता, आणि ज्या मैत्रिणीशिवाय तिला करमत नव्हतं तीच तिची सवत होती. हे ठाऊक झाल्यावर त्या बंद वर्तुळाकडे पुन्हा बघावं. ती आणि मुलगी, बाकी सगळे बाहेर.

पुढे काय झालं

चित्रातल्या सुखावर भाळून पुढचं लपवणं मला प्रामाणिक वाटत नाही. जॉर्जियाना जुगारी होती. पत्त्यांवर ती रात्रीच्या रात्री पैसा घालवी, कर्जाचा खरा आकडा नवऱ्यापासून लपवी, एक कर्ज फेडायला दुसरं काढी. मुलींवर तिचा जीव होता आणि त्या तिच्या कर्जाच्या सावलीतच वाढल्या.

वारस आला तो 21 मे 1790 रोजी, पॅरिसजवळ. विल्यम, घरातलं नाव 'हार्ट'. लग्नाला तेव्हा सोळा वर्षं होत आली होती. रेनॉल्ड्सची दृष्टी 1789 मध्येच अधू झाली आणि त्याचं काम थांबलं. त्यामुळे ज्या वारसाची सगळ्यांनी वाट पाहिली त्याला आईच्या मांडीवर बसवून रंगवायला तो उरला नव्हता.

मग चार्ल्स ग्रे. तरुण व्हिग नेता, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान. 1791 मध्ये जॉर्जियाना त्याच्यापासून गरोदर आहे हे ड्यूकला कळलं. त्याने अट घातली: ग्रेला सोड, नाहीतर मुलं पुन्हा दिसणार नाहीत. तिला देशाबाहेर जावं लागलं. 20 फेब्रुवारी 1792 रोजी दक्षिण फ्रान्समध्ये एलायझा जन्मली, आणि तिला ग्रेच्या आईवडिलांकडे वाढवायला द्यावं लागलं. तीनच दिवसांनी लंडनमध्ये रेनॉल्ड्स वारला.

एकीला अंगावर पाजण्यासाठी जिने सगळ्या सासरशी झगडा केला, तिलाच आपली धाकटी मुलगी दुसऱ्याच्या ओटीत घालावी लागली. इंग्लंडातली तिन्ही मुलंही तिला जवळजवळ दोन वर्षं दिसली नाहीत. लिटल जी तेव्हा आठ वर्षांची, हार्ट दीड वर्षाचा. परतीची परवानगी मिळाल्यावर 1793 च्या ऑगस्टमध्ये तिने आल्प्समधला सेंट गॉथर्ड घाट ओलांडला आणि त्या प्रवासावर मुलांना उद्देशून एक दीर्घ कविता लिहिली. ती 1799 मध्ये वर्तमानपत्रांत छापली गेली. ती वाचून सॅम्युएल टेलर कोलरिज या तरुण कवीने तिच्यावर एक स्तोत्रवजा कविता लिहिली. त्यात तो विचारतो की ऐषआरामात वाढलेल्या या बाईला असं स्वातंत्र्याचं गाणं सुचलं कुठून. आणि उत्तर म्हणून ती आई होती, तिने आपली मुलं स्वतःच्या छातीशी पाजली, याकडे बोट दाखवतो. कोल्ह्याच्या व्यंगचित्राला पंधरा वर्षं झाली होती. तीच गोष्ट, यावेळी मानाने सांगितलेली.

लिटल जीचं लग्न 1801 मध्ये जॉर्ज हॉवर्डशी झालं, यॉर्कशरच्या कासल हॉवर्डच्या घराण्यात. तिला बारा मुलं झाली. जॉर्जियाना 30 मार्च 1806 रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डेव्हनशर हाउसमध्ये वारली. लिटल जी त्या वेळी दिवसांत होती. 21 मे रोजी तिला मुलगी झाली. मामाच्या वाढदिवशी जन्मलेल्या या नातीचं नाव हॅरिएट एलिझाबेथ जॉर्जियाना.

ही नात मोठी होऊन सदरलंडची डचेस झाली. त्याआधी, 1827-28 मध्ये, तेव्हाचा अकादमीचा अध्यक्ष टॉमस लॉरेन्स याने तिचं चित्र केलं, मांडीवर तिची मुलगी एलिझाबेथ. या एलिझाबेथचा नवरा आर्गाइलचा ड्यूक पुढे 1868 ते 1874 या काळात भारतमंत्री होता; ज्या हिंदुस्थानच्या कारभारावरून तिची पणजी गल्लीबोळांत मतं मागत फिरली होती तो कारभार त्याच्या टेबलावर आला.

लॉरेन्सचं चित्र सुरेख आहे. रेशीम, दागिना, गोरीपान कांती, लाडकं मूल. पण ते चित्र उभं आहे.